शाईच्या रेघा आणि त्यांचे राखणदार

माणसाचे चित्र काढ, असे शाळेतल्या मुलाला सांगितले की तो आधी डोके काढतो, मग डोळे, नाक, कान, सदऱ्याची बटणे, आणि शेवटी हाताची बोटे पाच झाली की नाहीत हे मोजून पाहतो. जितके अधिक दाखवावे तितका माणूस अधिक खरा, अशी त्याची समजूत असते. आपली मोठ्यांची समजूत तरी याहून कुठे फार निराळी आहे? भिंतीवरच्या तसबिरीत शालूचा जरीकाठ स्पष्ट उमटला म्हणजे आपण म्हणतो, "वा, काय हुबेहूब काढले आहे!" आज मी ज्या चित्रांविषयी बोलणार आहे ती या समजुतीच्या अगदी उलट टोकाची आहेत. त्यांत रंग नाही, पार्श्वभूमी नाही, अलंकार नाहीत. कोरा कागद, काळी शाई आणि मोजक्या रेघा. तरीही त्यांतला माणूस चालतो, हसतो, विचार करतो. ही चित्रे सातशे-आठशे वर्षांपूर्वी चीनमध्ये काढली गेली. पण ज्या देशात ती निघाली तिथे त्यांतली थोडीच टिकली. ती जपली समुद्रापलीकडच्या जपानने. हे कसे घडले, आणि एखादी वस्तू राहते की नाहीशी होते हे कोण ठरवतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

यांतले एक चित्र आधी डोळ्यांपुढे आणू या. टोकियो येथील राष्ट्रीय संग्रहालयात ते आहे. उंची सुमारे ८१ सेंटिमीटर, रुंदी ३० च्या आसपास. म्हणजे आपल्या पंचाच्या अर्ध्या पट्टीएवढा अरुंद कागद. चित्र आहे ली बाइ या कवीचे. जुन्या पुस्तकांत त्याचे नाव ली पो असे लिहिलेले आढळते. हा कवी इ.स. ७०१ ते ७६२ या काळात होऊन गेला. चित्रात तो एका बाजूने दिसतो. मान किंचित वर उचललेली, हनुवटीवर विरळ दाढी, आणि खांद्यापासून पायापर्यंत आलेला एक सैल झगा. झग्याच्या रेघा हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या थोड्या. हात दिसत नाहीत, ते झग्यात गुरफटले आहेत. पायाखाली जमीन काढलेली नाही, डोक्यावर चंद्र काढलेला नाही. पण पाहणाऱ्याला वाटते की हा माणूस रात्रीच्या वाऱ्यात पावले टाकीत मनाशी कविता जुळवतो आहे. चित्रकाराचे नाव लिआंग काइ.

ही रेघ किती अवघड असते हे कळण्यासाठी त्यामागची सामग्री समजून घेतली पाहिजे. चिनी शाई म्हणजे काजळी आणि सरस. पाइनची लाकडे किंवा तेल जाळून धरलेली काजळी जनावरांच्या कातड्याच्या सरसात मळावयाची, तिच्या कांड्या पाडून वाळवावयाच्या, आणि लिहिण्याच्या वेळी दगडी पाटीवर पाण्याचे थेंब टाकून कांडी उगाळावयाची. आपल्याकडे सहाणेवर चंदन उगाळतात तसेच. आपले जुने कारकून मोडी लिहिण्यासाठी शाई करीत ती तरी कशाची? काजळीची आणि डिंकाची. तेव्हा हा पदार्थ आपल्याला परका नाही. फरक आहे तो बोरू आणि कुंचला यांत. बोरूची टोक कापलेली असते, तिची जाडी ठरलेली. चिनी कुंचला केसांचा. दाबला की रेघ रुंदावते, उचलला की केसाएवढी बारीक होते. आणि कागद असा की शाई टेकताक्षणी पिऊन टाकतो. खोडणे नाही, गिरवणे नाही. हात जरा अडखळला की ते अडखळणे कायमचे कागदावर राहते. म्हणून चार रेघांचे चित्र चारशे रेघांच्या चित्रापेक्षा सोपे असते असे कोणी समजू नये.

लिआंग काइला तपशील काढता येत नव्हता म्हणून त्याने तो गाळला, अशीही शंका नको. तो दक्षिणी सुंग घराण्याच्या दरबारचा चित्रकार. या घराण्याची मूळ राजधानी काइफेंग इ.स. ११२७ मध्ये उत्तरेकडच्या जुर्चेन लोकांनी घेतली, तेव्हा दरबार दक्षिणेला हांगचौ शहरी येऊन राहिला. तेथील चित्रशाळेत इ.स. १२०१ ते १२०४ या सुमारास लिआंग काइ वरच्या पदावर होता. बादशहाने त्याला सोन्याचा कमरपट्टा बहाल केला होता. हा मान चित्रकाराला सहजासहजी मिळत नसे. परंतु परंपरा अशी सांगते की त्याने तो पट्टा चित्रशाळेतच टांगून ठेवला आणि तो चालता झाला. त्याला मद्याची आवड होती, दरबारी शिस्तीचा कंटाळा होता. लोक त्याला 'वेडा लिआंग' म्हणत, आणि तोही ते नाव मिरवीत असे.

त्याचे दरबारातले कसब पाहावयाचे असेल तर 'पर्वतातून बाहेर येणारा शाक्यमुनी' हे त्याचे चित्र पाहावे. हे रेशमावर आहे, रंगीत आहे, आणि बादशहासमोर काढल्याची नोंद चित्रकाराने स्वतः त्यावर केली आहे. विषय आपल्या ओळखीचा. कठोर तपश्चर्येने देह झिजवून ज्ञान मिळत नाही हे उमगलेला गौतम डोंगराच्या कड्याखालून बाहेर येतो आहे. छातीच्या फासळ्या, वाढलेली दाढी, वाऱ्याने उडालेले वस्त्र, कड्यावरची वाकडी झाडे, सारे बारकाईने काढलेले आहे. ज्या हाताने हे चित्र काढले त्याच हाताने पुढे ली बाइ काढला. म्हणजे ही रेघ अज्ञानातून कमी झालेली नाही. सारे येत असताना नको ते सोडून दिल्यामुळे कमी झाली आहे. चिनी भाषेत या पद्धतीला 'उणी केलेली कुंचली' अशा अर्थाचे नाव आहे, ते मोठे बोलके आहे.

नको ते सोडून देण्याची ही वृत्ती आली कुठून? येथे आपल्या देशाचा धागा लागतो. संस्कृतातला 'ध्यान' हा शब्द बौद्ध भिक्षूंबरोबर चीनला गेला. चिनी जिभेवर तो 'चान्ना' आणि मग नुसता 'चान' झाला. जपानात पोहोचल्यावर त्याचाच 'झेन' झाला. या पंथाचा चीनमधील आद्य गुरू बोधिधर्म हा दक्षिण हिंदुस्थानातून समुद्रमार्गे आला अशी परंपरा आहे. सत्य पोथीत शोधू नका, रोजच्या कामात आणि स्वतःच्या मनात शोधा, असे या पंथाचे सांगणे. आपल्या संतांचे अभंग कानावर असलेल्यांना यात फारसे नवल वाटणार नाही. या पंथाचा सहावा गुरू हुइनेंग (इ.स. ६३८ ते ७१३) हा लाकडे विकून पोट भरणारा निरक्षर मनुष्य होता असे सांगतात. लिआंग काइने त्याचेही चित्र काढले. हुइनेंग उकिडवा बसला आहे, एका हाताने बांबू धरला आहे, दुसऱ्या हातातला कोयता उगारलेला आहे. गुरूच्या डोक्यामागे प्रभावळ नाही, अंगावर भगवी वस्त्रे नाहीत. आपल्या रानात कुंपणासाठी बांबू तोडणारा एखादा गडी बसावा तसा तो बसला आहे. हे चित्रही टोकियोच्या संग्रहालयात आहे.

लिआंग काइच्या पाठोपाठ, तेराव्या शतकात, मू-ची नावाचा एक चान भिक्षू होऊन गेला. हांगचौच्या सरोवराकाठच्या एका मठात तो राही. त्याची माणसे, माकडे, पक्षी, फळे सारी अशाच विरळ शाईतली. क्योतो येथील दाइतोकु-जी या मठात त्याची तीन चित्रे शेजारी शेजारी लावतात: मध्ये श्वेतवस्त्रातील अवलोकितेश्वर, एका बाजूला क्रौंच, दुसऱ्या बाजूला पिलाला कवटाळून बसलेली वानरी. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी ज्यांनी पाहिला असेल त्यांनी मनात ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. तोच करुणेचा देव. पण एका ठिकाणी मुकुट, मोत्यांच्या माळा आणि भोवती सारा परिवार, तर दुसऱ्या ठिकाणी शाईचा हलका हात आणि भोवती मोकळा कागद.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. इतकी चांगली चित्रे चीनने का टाकली? मू-चीविषयी चौदाव्या शतकातले चिनी जाणकार काय म्हणतात ते पाहिले म्हणजे उत्तर सापडते. इ.स. १३६५ च्या सुमारास चित्रकारांची चरित्रे संकलित करणाऱ्या शिआ वनयान या ग्रंथकाराने त्याची चित्रे ओबडधोबड ठरविली, जुन्या नियमांना सोडून असलेली ठरविली, आणि रसिकाने पाहण्याजोगी नव्हेत असा शेरा मारला. त्या काळी चीनमध्ये चित्राची पारख करणारा वर्ग म्हणजे विद्वान अधिकारी वर्ग. परीक्षा देऊन सरकारी नोकरीत चढलेली ही मंडळी. त्यांना डोंगर-नद्यांची संयत, अक्षरासारखी वळणदार चित्रे प्रिय. मठातल्या भिक्षूने झपाट्याने काढलेला माणूस त्यांच्या पसंतीस उतरला नाही. त्यातच इ.स. १२७६ मध्ये हांगचौ मंगोलांच्या हाती पडले, दरबार मोडला. ज्याला आश्रय नाही आणि ज्याची पारख नाही, त्या कागदाचे आयुष्य किती असणार? काही चित्रे चीनमध्ये राहिली, नाही असे नाही. लिआंग काइच्या नावावर असलेले शाई सांडल्यासारखे दिसणारे एका सिद्धपुरुषाचे चित्र चिनी बादशहांच्या संग्रहात होते. अठराव्या शतकात चिएनलुंग बादशहाने त्यावर स्वतःची कविता लिहिली. ते आज तैपेइच्या राजवाडा-संग्रहालयात आहे. परंतु अशी उदाहरणे थोडी.

जपानची वाट या चित्रांना मिळाली ती भिक्षूंमुळे. तेराव्या-चौदाव्या शतकांत जपानी भिक्षू शिक्षणासाठी चीनच्या मठांत जाऊन वर्षानुवर्षे राहत. एन्नी नावाचा एक भिक्षू इ.स. १२३५ मध्ये गेला आणि १२४१ मध्ये परतला. त्याचा गुरू वुचुन शिफान. आणि मू-चीही याच गुरूचा शिष्य मानला जातो. एन्नीने परत येताना पुष्कळ ग्रंथ आणले, आणि गुरूने स्वतःच्या हाताने मजकूर लिहून दिलेले गुरूचे चित्र आणले. इ.स. १२३८ चे ते चित्र क्योतोच्या तोफुकु-जी मठाने जपून ठेवले. अशी चित्रे भिक्षूंनी संग्रह करावा म्हणून आणली नव्हती. गुरूची आठवण, शिकवणीची खूण, ध्यानाला आधार म्हणून आणली होती. आपल्याकडे वारकरी पंढरीहून माळ आणि बुक्का आणतो, तसाच हा भाव. पण वस्तू साठू लागल्या म्हणजे यादी करावी लागते. कामाकुरा येथील एंगाकु-जी मठाच्या एका उपमठात अशी यादी इ.स. १३२० मध्ये तयार झाली आणि १३६३ मध्ये पुन्हा तपासली गेली. त्या यादीत चिनी चित्रे आणि हस्ताक्षरे यांची नोंद आहे. भक्तीची जागा हळूहळू संग्रहाने कशी घेतली, हे दाखवणारा तो पहिला कागद म्हणता येईल.

या दळणवळणाचा एक भरभक्कम पुरावा अलीकडच्या काळात समुद्रातून वर आला. इ.स. १९७५ मध्ये कोरियाच्या नैऋत्य किनाऱ्यावर, सिनान भागात, एका कोळ्याच्या जाळ्यात मातीची जुनी भांडी आली. पुढे १९७६ ते १९८४ या काळात पाणबुड्यांनी तिथले बुडालेले जहाज उपसले. इ.स. १३२३ मध्ये चीनच्या निंगबो बंदरातून जपानला निघालेले हे जहाज. त्यात वीस हजारांहून अधिक चिनी मातीची भांडी, आणि सुमारे २८ टन तांब्याची नाणी निघाली. मालाला बांधलेल्या लाकडी पाट्यांवर तोफुकु-जी मठाचे नाव होते. १३१९ च्या आगीत त्या मठाची मोठी हानी झाली होती, आणि मठाच्या उभारणीसाठी हा व्यापार चालला असावा असे इतिहासकार मानतात. भांडी टिकली, नाणी टिकली. कागदाची चित्रे त्यात असतील तर ती खाऱ्या पाण्यात केव्हाच विरून गेली. जी चित्रे आज आपल्याला दिसतात ती अशा समुद्रातून सुखरूप पार पडलेली आहेत, हे विसरू नये.

ली बाइच्या चित्रावर एक शिक्का आहे, त्याची हकीकत आपल्याला विशेष रस वाटावी अशी आहे. हा शिक्का चिनी अक्षरांतला नाही. मंगोल बादशहा कुब्लाइखानाने चालू केलेल्या फाग्स्पा लिपीतला आहे. ही लिपी तिबेटी लिपीवरून बनविलेली, आणि तिबेटी लिपी भारतीय ब्राह्मीच्या कुळातली. शिक्क्यावर एका मोठ्या राजपदाचे नाव आहे, आणि विद्वानांच्या मते हे पद भूषविणारा शिक्क्याचा धनी म्हणजे अनिगे. हा अनिगे नेपाळच्या खोऱ्यातला नेवार कारागीर. कोवळ्या वयात, इ.स. १२६० मध्ये, ऐंशी कारागिरांचा म्होरक्या होऊन तो तिबेटात गेला, तेथून कुब्लाइखानाच्या दरबारी पोहोचला. बीजिंगमधला प्रसिद्ध पांढरा स्तूप त्याने बांधला. इ.स. १३०६ मध्ये तो वारला. बुद्धमूर्तींना दागिन्यांनी मढविण्याच्या परंपरेत वाढलेल्या एका नेपाळी शिल्पकाराच्या हाती हा अलंकार नसलेला, चार रेघांचा कवी आला आणि त्याने त्यावर आपली मोहोर उठविली. चिनी विद्वान ज्या जातीच्या चित्रांना नाके मुरडीत होते, त्यांची किंमत परदेशातून आलेल्या एका कारागिराला कळली होती!

जपानात या चित्रांना राजाश्रय मिळाला तो आशिकागा घराण्याच्या शोगुनांकडून. शोगुन म्हणजे सेनापती. सम्राट नावाचा, खरी सत्ता शोगुनाची. सातारच्या छत्रपतींच्या गादीच्या नावाने पुण्यात पेशवे कारभार पाहत, हे आठवले म्हणजे ही व्यवस्था समजावयास सोपी जाते. तिसरा शोगुन योशिमित्सू (१३५८ ते १४०८) याने चीनच्या मिंग बादशहाशी संबंध जोडले. जपानकडून तलवारी, गंधक, तांबे जाई. चीनकडून रेशीम, तांब्याची नाणी आणि मौल्यवान वस्तू येत. क्योतोचा सुवर्णमंडप याच योशिमित्सूने उभारला. तो स्वतः झेन पंथाचा उपासक होता आणि चिनी चित्रांचा शोकीन होता. बांबू तोडणाऱ्या हुइनेंगच्या चित्रावर त्याच्या संग्रहाचा शिक्का आजही दिसतो. लाकूडतोड्या साधू एका सोन्याच्या महालाच्या धन्याकडे येऊन राहिला, ही इतिहासाची थट्टाच म्हणावयाची.

पण शोगुनाला लढाया आणि कारभार. चित्रे सांभाळावयाची कोणी? त्यासाठी 'दोबोशू' नावाचा सेवकवर्ग होता. ही माणसे मुंडण केलेली, आणि नावाच्या शेवटी 'आमि' लावणारी. हे 'आमि' अमिताभ बुद्धाच्या नावातले. त्यांतल्या नोआमि (१३९७ ते १४७१), त्याचा मुलगा गेइआमि आणि नातू सोआमि या तीन पिढ्यांनी शोगुनांचा संग्रह पाहिला. कोणते चित्र कोणाचे, खरे की नक्कल, कोणत्या प्रसंगी कोणते लावावे, शेजारी कोणती फुलदाणी ठेवावी, हे सारे ते ठरवीत. त्यांच्या परंपरेत दोन महत्त्वाचे लेख तयार झाले. एकात शोगुनाच्या संग्रहातील सुमारे २८० चिनी लटकचित्रांची यादी आहे. त्यांपैकी शंभराहून अधिक एकट्या मू-चीच्या नावावर आहेत, आणि लिआंग काइचे नावही त्यात ठळकपणे येते. दुसऱ्यात चिनी चित्रकारांची उत्तम, मध्यम, कनिष्ठ अशी प्रतवारी आणि दालने सजविण्याचे नियम आहेत. चीनमध्ये जो चित्रकार रसिकांच्या पंक्तीला बसविला गेला नव्हता, तो जपानी यादीत अग्रभागी आला. प्रतवारी बदलली आणि नशीब पालटले.

आता संग्राहकाचे नुसते गुणगान करून भागणार नाही. ज्याचे प्रेम असते त्याचाच हात कधी कधी वस्तूला इजा करतो. मू-चीने दक्षिण चीनमधल्या नद्यांच्या संगमावरील आठ दृश्यांची एक लांब गुंडाळी काढली होती. ती हातात धरून थोडी थोडी उलगडत पाहावयाची. पण शोगुनाच्या घरी चित्रे भिंतीवर टांगावयाची पद्धत. तेव्हा योशिमित्सूच्या काळी ती गुंडाळी कापून तिचे तुकडे निरनिराळे मढविण्यात आले. आज ते तुकडे वेगवेगळ्या संग्रहांत विखुरलेले आहेत. तीच गोष्ट शाक्यमुनीच्या चित्राची. त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाळ डोंगरांची दोन चित्रे लावून तिघांचा एक संच बनविला गेला. ती मुळात एकत्र काढलेली नव्हती. पुढे त्यांची ताटातूट झाली, निरनिराळ्या घरी त्यांनी दिवस काढले, आणि आता ती तिन्ही पुन्हा टोकियोच्या संग्रहालयात एकत्र आली असून जपानचा राष्ट्रीय ठेवा म्हणून त्यांची नोंद आहे. म्हणजे संग्राहक वस्तू राखतो, तसा तिचा अर्थही बदलतो.

इ.स. १४६७ मध्ये क्योतोत वारसाहक्कावरून यादवी पेटली. दहा वर्षे, १४७७ पर्यंत, ओनिन युद्ध चालले आणि राजधानीची राख झाली. आठवा शोगुन योशिमासा कलेत बुडालेला, पण तिजोरी रिकामी. संग्रहातील चित्रे एकेक करून बाहेर जाऊ लागली. काही देण्याघेण्यात गेली, काही विकली गेली, काही मठांकडे, काही साकाइ बंदरातल्या व्यापाऱ्यांकडे. चहाचा विधी याच काळात आकाराला येत होता. चहाच्या लहानशा खोलीत एक चित्र किंवा एक हस्ताक्षर लावावयाचे आणि पाहुण्याने आधी त्याला नमस्कार करावयाचा, अशी रीत पडली. मग अशा वस्तूंना अफाट किंमत आली. ओदा नोबुनागा या सेनानीने १५६९ च्या सुमारास साकाइच्या धनिकांकडून नामांकित वस्तू गोळा केल्या आणि पराक्रमी सरदारांना जहागिरीऐवजी त्या बक्षीस देऊ लागला. इ.स. १५८२ मध्ये क्योतोच्या होन्नो-जी मठात त्याच्यावर हल्ला झाला, मठ पेटला. नोबुनागा मेला आणि त्याने सोबत आणलेल्या अमोल वस्तूही त्या आगीत गेल्या. सत्तेच्या पायाशी बांधलेला संग्रह सत्तेबरोबर जळतो, तो असा.

तरीही या राखणदारीचे फळ मोठे आहे. संग्रह होता म्हणून शिकणाऱ्यांना कित्ता मिळाला. सेश्शू (१४२० ते १५०६) हा जपानचा थोर शाईचित्रकार. त्याने लिआंग काइच्या धर्तीवर चित्रे काढून हात बसविला. हासेगावा तोहाकु (१५३९ ते १६१०) याने मू-चीची माकडे पाहून आपली माकडे काढली, आणि चित्रकलेवरील त्याची जी बोलणी त्याच्या स्नेह्याने लिहून ठेवली आहेत त्यांत या चिनी गुरूंचा मोठ्या आदराने उल्लेख येतो. मियामोतो मुसाशी या नावाजलेल्या पट्टीच्या तलवारबहाद्दराचे नाव काहींनी ऐकले असेल. तो १६४५ मध्ये वारला. कोंबड्यांची झुंज पाहत उभा असलेला एक गलेलठ्ठ साधू त्याने शाईत काढला आहे, तो लिआंग काइच्या चित्रावर बेतलेला आहे. एकच घाव, दुसऱ्याची संधी नाही, हे तलवारीचे आणि कुंचल्याचे नाते त्याला कोणी शिकवावे लागले नसेल.

कागद आठशे वर्षे टिकतो तरी कसा, असे शेतकरी बंधू विचारतील. कारण आपल्याकडे सातबाराचा जुना उतारा वीस वर्षांत वाळवी खाते. जपानी लोक चित्र कायमचे भिंतीवर ठेवीत नाहीत. चित्राच्या पाठीला पातळ कागदाचे थर गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने चिकटवतात. या खळीचा एक प्रकार वर्षानुवर्षे रांजणात मुरवलेला असतो, म्हणजे तो कागदाला ताठ करीत नाही. बाजूंना रेशमी काठ लावतात, खाली लाकडी दांडी बसवतात. प्रसंग आला की चित्र टांगावयाचे, पाहावयाचे, पुन्हा गुंडाळून लाकडी पेटीत घालावयाचे. पेटीवर आत काय आहे ते लिहावयाचे. खळ सुटू लागली की पाण्याने ती सोडवून नवे अस्तर लावावयाचे. पेटीवरचा तो मजकूर म्हणजे वस्तूची वंशावळच. आजही संग्रहालयात अशी चित्रे वर्षातून थोडे आठवडेच बाहेर काढतात. पाहण्याची घाई न करणे, हाही राखण्याचाच एक भाग आहे.

इ.स. १८६८ नंतर जपानात नवे राज्य आले. जुन्या सरदारघराण्यांचे वैभव ओसरले, मठांचे उत्पन्न तुटले, वस्तू परदेशी जाऊ लागल्या. तेव्हा ओकाकुरा काकुझो यासारख्या जाणत्यांनी हाक दिली. १८८९ मध्ये 'कोक्का' हे कलेचे मासिक निघाले, त्यात जुन्या चित्रांच्या उत्तम छापील प्रती येऊ लागल्या. १८९७ मध्ये जुन्या देवळांच्या व मठांच्या रक्षणाचा कायदा झाला. शोगुनाच्या मोजक्या पाहुण्यांनी पाहावयाची चित्रे आता तिकीट काढून कोणालाही पाहता येऊ लागली. संग्रह खाजगी मालकीतून सार्वजनिक झाला, ही या दीर्घ कथेतली मला सर्वांत महत्त्वाची घटना वाटते.

हेच ओकाकुरा हिंदुस्थानात आले होते, आणि त्यांच्या प्रेरणेने १९०३ मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे दोन जपानी चित्रकार कलकत्त्यास आले. अवनींद्रनाथ ठाकूर त्यांच्यापासून रंगाचा पातळ हात देण्याची रीत शिकले. पुढे आराइ काम्पो हा चित्रकार आला. त्याने अजिंठ्यास मुक्काम करून तेथील भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्या नकला टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या, त्या १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाल्या. १९२४ मध्ये रवींद्रनाथांबरोबर नंदलाल बोस चीन व जपान पाहून आले. त्यांनीच १९३० मध्ये दांडीयात्रेवरील गांधीजींचे काळे-पांढरे ठसाचित्र केले. हातात काठी, पुढे टाकलेले पाऊल, अंगावर पंचा. बाकी काही नाही. आपल्या शाळांतून, पुस्तकांतून ते सर्वांनी पाहिले आहे. ते एका जपानी किंवा चिनी चित्रावरून घेतले असे मी म्हणत नाही. परंतु ज्या डोळ्यांनी आपण ते पाहतो, आणि 'हे गांधीजीच' असे लहान मूलही ज्या क्षणी म्हणते, त्याच डोळ्यांनी ली बाइ पाहावयाचा असतो.

राखणदार आपल्याकडेही झाले आहेत. सातारा जिल्ह्यात औंधला डोंगरावर एक संग्रहालय आहे. १९३८ मध्ये औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते उघडले. तेथे राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता आणि मूल हे शिल्पही आहे. डोळे-नाक कोरून न दाखविता नुसत्या आकारातून माणूस दाखविणारा हा शिल्पकार. खेड्यातल्या टेकडीवर असे शिल्प आणून ठेवणाऱ्याला त्या वेळी किती जणांनी वेड्यात काढले असेल! आणि राजवाडे तर गावोगाव पायपीट करून दप्तरांतले मोडी कागद गोळा करीत हिंडले. वाण्याच्या पुड्या बांधण्यास निघालेल्या कागदांत मराठ्यांचा इतिहास आहे, हे त्यांना दिसले. इतरांना रद्दी दिसली.

शिक्षकबंधूंनो, या साऱ्या हकीकतीतून मला एवढेच दाखवावयाचे आहे. वस्तू चांगली असते म्हणून आपोआप टिकते, हे खरे नव्हे. चिनी जाणकार मूर्ख नव्हते. त्यांच्या प्रतवारीत ती चित्रे बसत नव्हती इतकेच. आपल्याही मनात एक प्रतवारी असते. तिच्यात जे बसत नाही ते आपण दिवाळीच्या साफसफाईत बाहेर टाकतो. गावातल्या एखाद्या म्हातारीने भिंतीवर गेरूने काढलेली माणसे, जुन्या पोथीच्या समासातली कोणा लेखकूची बोरूची चित्रे, वर्गातल्या एखाद्या मुलाच्या वहीतला तीन रेघांचा बैल हाकणारा गडी, यांतले काय राखण्याजोगे आहे हे आपण एकट्याने आणि घाईने ठरवू नये. शाळेच्या कपाटात एक खण अशा गोष्टींसाठी ठेवता येईल. कडुनिंबाचा पाला घाला, ओल लागू देऊ नका, आणि नोआमीने केली तशी यादी करा: काय आहे, कोणाचे, कोणत्या गावचे, कोणी कधी दिले. मोठे दिसावे म्हणून कापू नका, सुंदर दिसावे म्हणून रंगवू नका. पुढची पिढी आपल्यापेक्षा निराळ्या डोळ्यांनी पाहील. तिला पाहावयास काहीतरी शिल्लक ठेवणे, एवढे काम आपल्याकडे आहे.